'नॅट'चा विरक्त शिल्पकार

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील चिमुकले 'नॅट' विमान आपल्याकडे दंतकथेसारखे सांगितले जाते. त्याचे रचनाकार विल्यम एडवर्ड विलोबी पेटर विमानविद्येच्या जगात नामांकित असले, तरी आपल्याकडे त्यांची आठवण क्वचितच निघते. २००७ पर्यंत भारतीय हवाई दलात उडालेले 'कॅनबेरा' बॉम्बरही मूळचे त्यांचेच.

पेटर यांचा जन्म १९०८ चा. वडील सर अर्नेस्ट हे 'वेस्टलँड' कंपनीच्या संस्थापकांपैकी. केंब्रिजचे शिक्षण आटोपून पेटर तेथेच रुजू झाले आणि तिशीपूर्वीच तांत्रिक संचालक बनले. मालकाचा मुलगा म्हणून कुजबुज झाली असेलही. 'लायसँडर' विमानाने ती निरर्थक ठरवली. १९४४ मध्ये ते 'इंग्लिश इलेक्ट्रिक'मध्ये गेले. तेथे 'कॅनबेरा' साकारले, 'लाइटनिंग'चा पाया घातला गेला. पण ते विमान आकाशात झेपावण्याआधीच, १९५० मध्ये, पेटर 'फोलंड' या लहानशा कंपनीत दाखल झाले.

त्या काळी प्रत्येक नवे लढाऊ विमान आधीच्याहून जड, गुंतागुंतीचे आणि महाग होत चालले होते. पेटर यांनी उलटा मार्ग धरला. १९५५ मध्ये उडालेल्या 'नॅट'चे पंख टोकापासून टोकापर्यंत सात मीटरही भरत नव्हते. वेगळे एअरब्रेक बसवण्याऐवजी अर्धवट उघडलेली चाकेच हवेला अडवण्याच्या कामी लावली. ब्रिटिश हवाई दलाने मात्र लढाऊ विमान म्हणून 'नॅट' नाकारले आणि केवळ दोन आसनी प्रशिक्षण विमान घेतले. भारताने १९५६ मध्ये करार केला; बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये उत्पादन सुरू झाले. हलकेपणाची किंमतही होती. हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचे नियंत्रण दगा देई, ऐन लढाईत तोफा अडकत. ही किंमत वैमानिकांनी मोजली.

'फोलंड' मोठ्या समूहात विलीन होत असताना, १९५९ च्या अखेरीस, पेटर यांनी विमानविश्वाशी संबंध तोडला आणि कुटुंबासह स्वित्झर्लंडमधील एका धार्मिक समुदायात ते राहू लागले. ३ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या आकाशात ट्रेव्हर किलोर यांच्या खाती सेबर पाडल्याची नोंद झाली, तेव्हा या यंत्राचा निर्माता यंत्रांपासून दूर होता. त्याच दिवशी एक 'नॅट' पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले आणि शत्रूच्या हाती पडले, हेही सांगायला हवे.

१९६८ मध्ये फ्रान्समध्ये पेटर यांचे निधन झाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर हल्ला होत असताना निर्मलजितसिंग सेखों यांनी 'नॅट'मधून उड्डाण केले आणि सेबर विमानांशी एकाकी झुंज देताना वीरमरण पत्करले. हवाई दलाचे आजवरचे एकमेव परमवीर चक्र त्यांचे. पुढे बंगळुरूतच 'नॅट'पासून 'अजित' घडले. इंधन पंखांच्या आत साठवल्याने पंखांखालची जागा बॉम्ब आणि रॉकेटसाठी मोकळी झाली. जमिनीवरील लक्ष्यांसाठी सज्ज केलेले हे रूप १९९१ मध्ये सेवेतून निवृत्त झाले.