राजमाता जिजाऊ : उजाड पुणं वसवणारी वऱ्हाडची लेक

युद्धात बेचिराख झालेलं शहर पुन्हा उभं करायचं म्हटलं, की आपल्याला लंडन नाहीतर हिरोशिमा आठवतं. पण हेच काम पावणेचारशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एका लेकीनं केलं. आपल्या मुलांना हे माहीत असायलाच हवं.

जिजाबाईंचा जन्म 12 जानेवारी 1598 रोजी सिंदखेडराजा इथं झाला. वडील लखुजी जाधवराव निजामशाहीतले मातब्बर सरदार, आई म्हाळसाबाई. लग्न शहाजीराजे भोसल्यांशी झालं. 1629 साली देवगिरीच्या किल्ल्यात लखुजी आणि त्यांच्या मुलांना दगा करून मारण्यात आलं. माहेर असं एका दिवसात पोरकं झालं, तेव्हा जिजाऊंच्या पोटात बाळ होतं. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला.

त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं. घरं-वाडे पाडून वर गाढवाचा नांगर फिरवला, असं सांगतात. इथं पुन्हा कुणी घर बांधू नये, असा त्याचा अर्थ. पाठोपाठ 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ पडला. लोक परागंदा झाले, शेतात रान माजलं, लांडगे फिरू लागले.

अशा जागी जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन आल्या. विटा-चुना तर लागणारच होता, पण आधी लोकांच्या मनातली भीती काढायची होती. ज्या जमिनीवर गाढवाचा नांगर फिरला, तिथंच त्यांनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, अशी परंपरा आहे. कसबा गणपतीचं देऊळ उभं राहिलं. राहायला लाल महाल बांधला. राजघराणंच इथं राहतंय म्हटल्यावर रयतेला धीर आला. लांडगे मारणाऱ्याला बक्षीस आणि पडीक जमीन कसणाऱ्याला सुरुवातीला अगदी थोडा सारा, अशा सवलतींच्या आठवणी बखरींत आहेत. हळूहळू माणसं परतली. कसबा पुन्हा नांदू लागला.

पुढं 1666 मध्ये शिवाजीराजे आग्र्यात अडकले, तेव्हा राज्याचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली चालला. 6 जून 1674 चा राज्याभिषेक त्यांनी डोळे भरून पाहिला आणि 17 जूनला रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला देह ठेवला.

आपल्या सोसायटीची 25 वर्षं मोजताना हे सारं आठवलं. मंगरूळपीरच्या कडेला या मोकळ्या जागेत पहिलं घर झालं, तेव्हा रात्री एवढ्या लांब एकटे कसे राहता, असं लोक विचारायचे. त्या एका घरात दिवा लागला, म्हणून दुसरं कुटुंब आलं, मग तिसरं. नकाशा कागदावर काढता येतो, वस्ती मात्र आधी राहायला येणाऱ्याच्या धीरावरच वसते. त्या पहिल्या दिव्यांना आणि जिजाऊंना मानाचा मुजरा.