सेनापती बापट आणि जोखमीचा हिशेब

पुण्यास कामानिमित्त जाणे-येणे असणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळजणींना सेनापती बापट रस्ता ठाऊक आहे. मुंबईस दादर-माहीमकडेही ह्याच नावाचा मोठा रस्ता आहे. परंतु ही सेनापतीची पदवी कोणा राजाने किंवा सरकारने दिलेली नाही. ती आपल्या मुळशीच्या मातीत, भातखाचरांच्या बांधांवर, साध्या मावळ्यांच्या तोंडून मिळालेली आहे. हे आपल्या मुलाबाळांस सांगावयास हवे.

मंडळाच्या ह्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र लिहिण्याचे कारण मात्र केवळ अभिमान हे नाही. घर चालविणाऱ्या बाईला रोज काही ना काही जोखीम पत्करावीच लागते. ओढ्याला पाणी चढले असता पलीकडे जावे की थांबावे, शेजारणीच्या कर्जास जामीन राहावे की नाही, मुलीला शिकण्यासाठी पुण्यास ठेवावे की नाही, पुढे केलेल्या कागदावर सही करावी की आणखी चार दिवस विचार करावा, असे प्रश्न आपल्यापुढे नित्य उभे राहतात. ज्या पुरुषाने जन्मभर जोखमीशीच खेळ मांडला, त्याच्या आयुष्यात ह्या प्रश्नांचा काही हिशेब सापडतो का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पांडुरंग महादेव बापट ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. हे गाव त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. घरची स्थिती बेताची होती, पण मुलगा बुद्धीने तल्लख निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्यांना विलायतेस जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते एडिंबरो येथे यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. गरिबाघरच्या मुलाला असा योग येणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती! शांतपणे शिकून परत आले असते, तर मोठ्या पगाराची नोकरी आणि मानमरातब हे त्यांच्यासाठी वाढून ठेवलेलेच होते.

परंतु तेथे त्यांनी हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याच्या अन्यायावर उघड भाषण केले. आपल्या शिष्यवृत्तीवर त्याचा काय परिणाम होईल हे त्यांना कळत नव्हते असे नाही. शिष्यवृत्ती गेली. ही त्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी जोखीम. तिच्यात त्यांनी आपला पैसा, आपले शिक्षण आणि आपले भवितव्य लावले. ह्या गोष्टी मोलाच्या खऱ्या, पण गेल्या तरी माणूस पुन्हा उभा राहू शकतो. बापटही उभे राहिले. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर ह्यांच्या मंडळीत ते वावरू लागले.

ह्यानंतरची जोखीम मात्र वेगळ्या जातीची होती. बंगालचे हेमचंद्र दास आणि बापट हे पॅरिस येथे गेले आणि तेथील रशियन क्रांतिकारकांकडून बाँब करण्याची विद्या शिकले. १९०८ साली ती विद्या घेऊन बापट मायदेशी परतले. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी बिहारातील मुझफ्फरपूर येथे बंगाली क्रांतिकारकांनी एका इंग्रज न्यायाधीशाची समजून एका गाडीवर बाँब टाकला. गाडीत तो न्यायाधीश नव्हताच. दोन निरपराध इंग्रज बाया, आई आणि मुलगी, मरण पावल्या. तो बाँब बापटांनी केला नव्हता की टाकलाही नव्हता. तो हेमचंद्रांच्या हातचा होता. तथापि विद्या दोघांनी एकत्रच शिकली होती. एकदा हातून सुटलेली वस्तू कोणाच्या अंगावर पडेल हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही, हा धडा ह्या प्रसंगात आहे. शिष्यवृत्ती गेली ती एकट्या बापटांची गेली; मुझफ्फरपुरास जीव गेले ते तिसऱ्याच कोणाचे.

पुढे पोलिसांचा ससेमिरा लागला. काही वर्षे त्यांना नाव-गाव लपवून हिंडावे लागले, शेवटी अटक झाली, पण पुरेसा पुरावा नसल्याने सुटका झाली. मग ते पारनेरास येऊन राहिले, आणि येथे त्यांच्या चरित्राला जे वळण लागते ते आपण बायकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. विलायतेस जाऊन आलेला हा विद्वान ब्राह्मण हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागला. १९१४ साली मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या समाजाची बसविली. आज ह्यात कोणाला काही वाटणार नाही. त्या काळी मात्र भाऊबंद तुटण्याची, घर वाळीत पडण्याची ती जोखीम होती, आणि तिच्यापासून कोणाच्याही केसाला धक्का लागणार नव्हता. धाडस म्हणजे नेहमी तलवार आणि बंदूकच असे नाही. कोणाला आधी पान वाढावे हे ठरविण्यातही मोठे धाडस असते, हे ज्या घरात बारशाची पंगत उठते त्या घरच्या बाईइतके कोणाला कळणार?

आता आपल्या मुळशीकडे वळू. मुळा आणि निळा ह्या नद्यांवर धरण बांधून ते पाणी घाटाखाली कोकणात भिरा येथे सोडावयाचे, त्यावर वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईस न्यावयाची, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. ह्या पाण्याखाली पन्नासएक गावे आणि आंबेमोहोराची खाचरे जाणार होती. कंपनीची माणसे शेतांत शिरून खणू लागली तेव्हा लोकांना कळले की आपल्या जमिनीचे काय होणार हे आपल्याला न विचारताच ठरलेले आहे. जमीन ताब्यात देण्यासाठी १८९४ चा भूसंपादनाचा कायदा सरकारने कंपनीच्या मदतीस दिला होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबले. जीव तरी देऊ किंवा जमीन तरी राखू, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. पुरुषांबरोबर बायाही ह्या लढ्यात उतरल्या आणि तुरुंगातही गेल्या. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ह्यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे होते. बापटांनी ह्या लढ्याला स्वतःस वाहून घेतले, पुनःपुन्हा तुरुंगवास पत्करला, आणि ह्याच काळात लोक त्यांना सेनापती म्हणू लागले.

ह्या लढ्यात जोखीम कोणाची होती, हे नीट पाहिले पाहिजे. कित्येक जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. कसणारी कुळे मात्र मावळ्यांची. जमीन गेली तर मालकाला पैसा मिळणार होता, म्हणून त्याला चिंता एवढीच की भाव किती येतो. कुळाला मिळणार काय? पिढ्यानपिढ्या कसलेली खाचरे जाणार आणि हाती काहीच राहणार नाही. म्हणजे पैसा घेणारा एक आणि घर बुडणारा दुसरा. सावकारांनी हळूहळू मोबदल्याकडे तोंड वळविले आणि लढ्याचे बळ आतूनच ओसरले. कुळांना संरक्षण देणारा मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ साली झाला. पाण्याखाली गेलेल्या कुळांना त्याचा काय उपयोग?

लढा मोडत आला तेव्हा १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या सहकाऱ्यांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडविली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी दूर सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात भोगली. ह्या कृत्यासंबंधी आदर राखूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. चालती गाडी अडविणे म्हणजे त्या गाडीतील गरीब मजुरांचा जीवही टांगणीला लावणे होय. स्वतःच्या जिवाची पर्वा नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या जिवाचे मोल विसरण्याचा मोह होतो. थोर माणसेही ह्यातून सुटत नाहीत. शिवाय ते तुरुंगात असताना घरी चूल पेटतच होती आणि ती कोणीतरी पेटवीत होते. माणूस कितीही म्हणाला की जोखीम माझी एकट्याची आहे, तरी तिचा वाटा घरच्यांच्या पदरात पडल्यावाचून राहत नाही.

शेवटी धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या वस्तीच्या खुणा आजही उघड्या पडतात. मग मुळशीचा सत्याग्रह ही चूक होती काय? हार झाली एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. निर्णय बरा की वाईट हे त्याच्या फळावरून ठरवू नये. निर्णय घेताना आपल्याला काय ठाऊक होते आणि आपण काय पणाला लावले, ह्यावरून ठरवावे. पूर आलेल्या ओढ्यातून एखादी सुखरूप पार झाली म्हणून तिचा निर्णय शहाणपणाचा होत नाही, आणि थांबलेलीचा दिवस बुडाला म्हणून तिचा मूर्खपणाचा होत नाही. गप्प बसण्यातही जोखीम असतेच. मावळे गप्प बसले असते तर जमीन गेलीच असती, आणि न विचारता जमीन घेणे हा अन्याय आहे हे बोलावयास कोणी उरले नसते. धरणग्रस्तांचे प्रश्न पुढे जेव्हा जेव्हा निघाले, तेव्हा तेव्हा लोकांनी मुळशीची आठवण काढली.

सुटून आल्यावर बापट स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा तुरुंगवास झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात त्यांच्या हस्ते राष्ट्रध्वज फडकला. १९५५ साली, पंचाहत्तरीला टेकले असता, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले; संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन, ते मुंबईस निवर्तले. एवढ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी जमवून ठेवलेले असे काही नव्हते.

भगिनींनो, आपल्याला सेनापती व्हावयाचे नाही. पण त्यांच्या आयुष्यावरून तीन प्रश्न आपण आपल्या पदराला गाठ मारून ठेवू शकतो. पहिला, जे पणाला लावतो आहोत ते गेले तर पुन्हा मिळण्यासारखे आहे काय? दुसरा, जोखीम पत्करणार कोण आणि ती माथी येणार कोणाच्या? तिसरा, ज्यांच्या माथी ती येणार, त्यांना आपण विचारले आहे काय?

हे प्रश्न घेऊन रोजच्या व्यवहाराकडे पाहावे. मुलीला शिकावयास पाठविण्यात काळजी आहे, पण काही बिनसले तर ती घरी परत येऊ शकते. ही जोखीम शिष्यवृत्तीसारखी आहे, ती खुशाल घ्यावी. खाचरात कोणाला साप चावला तर झाडपाल्यावर घटकाभर थांबून पाहू, असे म्हणणे फार महाग पडते. गेलेली घटका आणि गेलेला जीव परत येत नाही. तडक दवाखाना गाठावा. जामीन राहताना आपल्या सहीने आपल्या मुलांचा घास गहाण पडत नाही ना, हे पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे जमिनीचे. आज मुळशीत पाण्याचे नव्हे, प्लॉटांचे धरण भरत आहे. विसाराची रक्कम पुढे येते, साठेखत लिहिले जाते आणि घरच्या बाईला पुष्कळदा शेवटी कळते. बहिणीला माहेरी बोलावून, गोडाधोडाचे जेवू घालून, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मिळालेला आहे. तो भावाला प्रेमाने सोडावयाचा असेल तर अवश्य सोडावा, परंतु कागद वाचून, सातबारा पाहून, चार दिवस विचार करून सोडावा. नोकरी पुन्हा लागते, दागिना पुन्हा घडविता येतो. विकलेली जमीन परत येत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या लोकांचे दुःख एवढेच नव्हते की जमीन गेली. त्यांना कोणी विचारले नाही, हेही होते. तोच अन्याय आज आपल्या घराच्या ओसरीवर, आपल्याच माणसांकडून होऊ नये, आणि आपल्या हातून आपल्या सुनेवर होऊ नये. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्या प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा एकदा तरी स्वतः वाचून पाहावा. त्या मावळ्या बायांचे आणि सेनापतींचे ह्याहून चांगले स्मरण दुसरे कोणते होईल?