त्याने समुद्र काचेत भरून घरी आणला, आणि लोकांनी किनारेच रिकामे केले

खाऱ्या पाण्याचा फिश टँक करायचा म्हटलं की पहिला हट्ट असतो तो छोट्या माशांच्या थव्याचा. हिरव्या क्रोमिसचा घोळका एकदम वळतो तेव्हा दिसतो पण भारी! मात्र किती मासे घ्यायचे हे टाकी केवढी, पाण्यात ऑक्सिजन किती आणि घाण किती साचणार यावर ठरतं. हेच गणित पंप नाही, वीज नाही अशा काळात एक माणूस मांडत बसला होता. नाव फिलिप हेन्री गॉस.

जन्म १८१० चा, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी चित्रं रंगवायचे, त्यामुळे घरी पैशांची ओढाताण. कॉलेज वगैरे लांबच, १७ व्या वर्षी पोरगा न्यूफाउंडलंडला कारकून म्हणून रवाना. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अलाबामात मास्तरकी, जमैकात पक्ष्यांचा अभ्यास.

१८५२ मध्ये तब्येत ढासळली म्हणून तो डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथे खडकांतल्या डबक्यांच्या नादी लागला. गोड्या पाण्यात वनस्पती आणि मासे एकमेकांना जगवतात हे रॉबर्ट वॉरिंग्टनने दाखवलं होतं. गॉसने समुद्री शेवाळ घेऊन तेच खाऱ्या पाण्यात करून पाहिलं. शेवाळ ऑक्सिजन सोडतं, प्राणी तो घेतात. म्हणजे जीव छोटे हवेत आणि मोजकेच हवेत. एक जरी मेला आणि सडला, तरी अख्खी टाकी गेली.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात गॉसने आणलेले जीव होते. पुढच्या वर्षी त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने मीठ आणि एप्सम सॉल्टसारखे क्षार मिसळून खारं पाणी बनवायची कृतीही दिली.

मग काय, क्रेझच आली. बरण्या आणि हातोड्या घेऊन लोक किनाऱ्यावर उतरले. ज्या डबक्यांचं त्याने कौतुक केलं होतं, ती त्याच्या डोळ्यांदेखत ओरबाडली गेली. मुलगा एडमंडने १९०७ च्या आत्मकथनात हे दुःख नोंदवून ठेवलंय.

१८५७ तर फारच वाईट गेलं. पत्नी एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी त्याचं 'ओम्फालोस' आलं. देवाने पृथ्वी घडवली ती जीवाश्मांसकट, म्हणजे जुनी दिसेल अशीच, असा त्यातला दावा. शास्त्रज्ञांना पटला नाही, भाविकांनाही नाही. आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन तो डेव्हनला परतला.

१८८८ मध्ये गॉस वारला. अखेरच्या काळात तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रोटिफर हे बारीक जीव बघत असायचा. क्लाउनफिशची पैदास करणारे आज त्याच रोटिफरवर नुकती जन्मलेली पिल्लं जगवतात. क्रोमिस मात्र अजूनही बहुतेक प्रवाळांतूनच पकडून आणले जातात.