लोकांच्या पैशाचे राखणदार : ग्रोव्हर क्लीव्हलंड

स्वतःचा पैसा जपून खर्च करणारी माणसे पुष्कळ आढळतात. परंतु हाती सोपविलेला लोकांचा पैसा तितक्याच काळजीने राखणारे पुरुष विरळा. अमेरिकेतील संयुक्त संस्थानांचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड हे अशा विरळा पुरुषांपैकी एक होत. त्यांच्या चरित्राची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात करून देत आहो.

क्लीव्हलंड यांचा जन्म १८ मार्च १८३७ रोजी न्यू जर्सी संस्थानातील कॉल्डवेल या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. मुले नऊ आणि प्राप्ती तुटपुंजी. १८५३ साली वडील निवर्तले, तेव्हा ग्रोव्हर अवघे सोळा वर्षांचे होते. महाविद्यालयात जाण्याची आशा तेथेच मावळली. न्यूयॉर्क येथील अंधांच्या शाळेत त्यांनी साहाय्यक शिक्षकाचे काम केले. पुढे उसने घेतलेले २५ डॉलर खिशात घालून ते नशीब काढण्यास निघाले व बफेलो शहरी एका नातलगाच्या आश्रयास राहिले. तेथे वकिलांच्या कचेरीत कारकुनी करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८५९ साली वकिलीची सनद मिळविली.

१८८२ साली ते बफेलोचे नगराध्यक्ष झाले. शहराचे रस्ते झाडण्याचा मक्ता नगरसभेने सर्वांत अधिक दर मागणाऱ्यास दिला होता. त्याहून एक लक्ष डॉलरांनी स्वस्त काम करून देणारा मक्तेदार तयार असता हा पक्षपात झाला होता. क्लीव्हलंड यांनी तो ठराव उघड कारणे देऊन नामंजूर केला. ही कीर्ती संस्थानभर पसरली व १८८३ साली ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. तेथे शहरातील उंच खांबांवरून धावणाऱ्या आगगाडीचे भाडे दहा सेंटांवरून पाच सेंटांवर आणणारे लोकप्रिय विधेयक त्यांच्यापुढे आले. सरकारने कंपनीशी केलेला करार मोडणे अन्याय्य होय, असे मानून त्यांनी तेही परत पाठविले. त्यांची सचोटी श्रीमंतांस एक व गरिबांस एक अशी नव्हती.

१८८५ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. यादवी युद्धातील सैनिकांची जी पेन्शने खात्याने अपात्र ठरविली होती, ती खास विधेयकांनी मंजूर करून घेण्याची रीत त्या वेळी बोकाळली होती. क्लीव्हलंड रात्री जागून असे एकेक प्रकरण वाचीत व पुरावा खोटा दिसला की नकार देत. पहिल्या चार वर्षांत त्यांनी ४१४ विधेयके नाकारली. त्यांच्यापूर्वीच्या सर्व अध्यक्षांचे नकार एकत्र केले तरी ते याच्या निम्मेही भरत नाहीत. स्वतः युद्धात न जाता त्यांनी कायद्याप्रमाणे पैसे देऊन बदली माणूस पाठविला होता. त्यामुळे सैनिकांचा रोष अधिकच वाढला.

१८८७ साली टेक्सास संस्थानात अवर्षण पडले. तेथील शेतकऱ्यांस बियाण्यासाठी १०,००० डॉलर देण्याचे विधेयक कायदेमंडळाने संमत केले. रक्कम लहान होती व तिजोरी भरलेली होती. तरीही एका भागाच्या संकटासाठी सर्वांचा कर खर्चण्याचा अधिकार राज्यघटना देत नाही, हे काम शेजारधर्माचे आहे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. हा नकार कठोर होता, असे अनेकांस वाटले व आजही वाटते. आम्हासही बियाण्यावाचून बसलेला शेतकरी डोळ्यांपुढे आणल्यावाचून या प्रसंगाचा विचार करवत नाही. परंतु मते मिळविण्यासाठी त्यांनी हा मार्ग धरला नव्हता, हे विसरता कामा नये.

त्याच वर्षाच्या अखेरीस, तिजोरीत गरजेहून अधिक पैसा साठणे म्हणजे प्रजेवर जादा कर बसविणे होय, असे सांगून त्यांनी आयात जकात कमी करण्याची मागणी केली. निवडणूक जवळ आली असता हे धाडस महाग पडले. १८८८ साली लोकांची मते अधिक मिळूनही निर्वाचकांच्या मतांत ते हरले. १८९२ साली मात्र राष्ट्राने त्यांस पुन्हा बोलाविले. खंड पडून दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्याचा हा मान २०२५ पर्यंत त्यांचा एकट्याचाच होता.

दुसरी कारकीर्द आर्थिक अरिष्टात गेली. १८९० च्या कायद्याने सरकारास दरमहा ४५ लक्ष औंस चांदी विकत घ्यावी लागे, आणि तिच्यापोटी सोने बाहेर जाई. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने आपल्या टाकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या व चांदीचा भाव कोसळला; मुंबईच्या टाकसाळीतील निर्णयाचा धक्का असा वॉशिंग्टनला बसला. चारच दिवसांनी क्लीव्हलंड यांनी कायदेमंडळाची खास बैठक बोलाविली. त्याच सुमारास जबड्यातील दुष्ट गाठ त्यांनी एका नौकेवर गुप्तपणे कापवून घेतली. ही गोष्ट जनतेस १९१७ साली कळली. नोव्हेंबरात चांदीचा कायदा रद्द झाला. पण १८९४ साली शिकागोच्या रेल्वे संपावर फौज पाठविल्याने मजूर, व १८९५ साली पेढीवाल्यांकडून सोने घेतल्याने शेतकरी त्यांच्यावर रुष्ट झाले. अखेर त्यांच्या पक्षानेही त्यांचे धोरण टाकून दिले. २४ जून १९०८ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा प्रत्येक निर्णय बरोबर होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु लोकांचा पैसा वाटून लोकप्रिय होणे सोपे असता त्यांनी नकाराचा अप्रिय मार्ग पत्करला व त्याची किंमत स्वतः भरली. आज वर्गाची वर्गणी वा क्रीडामंडळाचा निधी ज्यांच्या हाती आहे, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की, दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोख ठेवण्याची सवय लहान रकमेपासूनच लागते.