जिव्या सोमा म्हसे

जिव्या सोमा म्हसे (आडनाव काही ठिकाणी मशे असेही लिहिले जाते, जन्म इ.स. १९३४, मृत्यू मे २०१८) हे वारली चित्रकार होते. वारली चित्रे घराच्या भिंतीवरून कागदावर व कापडावर उतरली आणि तेथून जगभरच्या कलादालनांत पोहोचली, त्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. वयाच्या सातव्या वर्षी आई गेली. त्या आघाताने मुलाचे बोलणे थांबले. पुढची काही वर्षे तो मातीत बोटाने किंवा काडीने आकृत्या काढून आपले म्हणणे सांगत असे. चित्र हा त्याच्यासाठी विरंगुळा नव्हता, तर माणसांशी जोडलेला एकमेव धागा होता. साहजिकच पाड्यावर हे मूल वेगळे म्हणून ओळखले जाऊ लागले. वयाच्या अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहण्यास आला आणि हेच त्याचे कायमचे गाव झाले.

वारल्यांमध्ये चित्र काढणे हे परंपरेने स्त्रियांचे काम. लग्नघरी कुडाची भिंत शेणामातीने सारवून तिच्यावर गेरूचा हात देतात. मग सुवासिनी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक काढतात. काडीचे टोक ठेचून कुंचला तयार होतो. चौकटीच्या मध्यभागी पालघाट देवी असते. ती नसेल तर लग्न पूर्ण होत नाही. अशा विधीच्या चित्रात कोणी पुरुष, तोही लग्नकार्य नसताना, हात घालील हे रूढीत बसणारे नव्हते. म्हसे मात्र कोणत्याही निमित्ताशिवाय रोज काढीत. त्यांनी कला निर्माण केली असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. रेषा, त्रिकोण, वर्तुळ ही सारी भाषा त्यांनी पाड्यावरील स्त्रियांकडून घेतली. चौकाबाहेर त्या भाषेत काय काय सांगता येते, हे मात्र त्यांचे त्यांनी शोधून काढले.

१९७०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू परिसरात आले. बिहारमधील मिथिलेच्या स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास त्यांनीच आधी उद्युक्त केले होते. येथेही ते स्त्री चित्रकारांच्याच शोधात होते; त्या शोधात म्हसे यांचे काम त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी दिलेल्या कागदामुळे म्हसे यांना भिंतीची मर्यादा उरली नाही. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली आणि १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांच्या चित्रांत देवदेवतांपेक्षा शेत, जंगल, मासेमारी आणि तारपा नाच अधिक दिसतो. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळत जाते, तेव्हा सपाट कापडावर गती उभी राहते. मासेमारीच्या जाळ्याचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. बारीक रेषांच्या असंख्य घरांनी विणलेले ते जाळे जवळजवळ सारे चित्र व्यापून टाकते आणि कोळी त्यापुढे लहान दिसतो. इतकी बारीक वीण भिंतीवर साधणे अवघड होते. कागद व कापड यांनी ही सवड दिली. तरी पुढे कॅनव्हास व विकतचा पांढरा रंग वापरतानाही शेणाने सारवलेली पार्श्वभूमी त्यांनी सोडली नाही.

१९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिशियन्स ऑफ द अर्थ' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे काम मांडले गेले. लाँग हे चालत जाऊन माती-दगडांतून कला घडवणारे. या दोघांची बोलीभाषा एक नव्हती, पण माती दोघांच्याही परिचयाची. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. साडी, पेले, हॉटेलांच्या भिंती अशा सर्वत्र वारली आकृत्या छापल्या जाऊ लागल्या आणि विधीशी संबंध नसलेली नक्कल बाजारात स्वस्त झाली. पुढे या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पाड्यांवर आता अनेक पुरुष चित्रकार आहेत, तर चौक काढणाऱ्या स्त्रियांची नावे क्वचितच कोणाला ठाऊक असतात.

म्हसे यांचे पुत्र सदाशिव व बाळू हेही चित्रकार असून वडिलांनी कळंबीपाड्यावर सुरू केलेले काम त्यांनी पुढे चालवले.