विश्लेषण : आश्रयाच्या जागीच मुली असुरक्षित? पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये सरकारला काय विचारले होते?

बालगृहातील अत्याचाराची बातमी आली की चौकशीची मागणी होते. ही मागणी सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातून थेट ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचली होती. ती करणाऱ्या पंडिता रमाबाईंचे केडगाव येथील मुक्ती मिशन दौंड-शिरूर परिसराला परिचित आहे. तो लढा मात्र फारसा परिचित नाही.

रमाबाई कोण होत्या?

जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण दगावली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पतीच्या निधनानंतर त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या. पुढे इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, अमेरिकेत निधी उभारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात हलवले.

दुष्काळी छावण्यांत काय दिसले?

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदतीच्या छावण्या आणि गरीबखाने त्यांनी स्वतः पाहिले. निराधार मुलींना अन्नाच्या मोबदल्यात नासवले जात होते, विकले जात होते. ज्यांच्या हाती त्यांची राखण होती, त्यांच्यापासूनच त्यांना धोका होता. रमाबाईंनी हे लिहून जाहीर केले आणि सुमारे ३०० मुलींना सोबत आणले.

पुण्यात संघर्ष का झाला?

त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. शहरात एवढ्या मुली ठेवण्यास मनाई झाल्याने त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. प्लेगच्या रुग्णालयात नेलेल्या आपल्याकडील एका मुलीची अब्रू सुरक्षित राहिली नाही, अशी जाहीर तक्रार रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये केली. संसदेत प्रश्न विचारला गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. सरकारने नेमलेल्या व्यवस्थेबद्दलच तक्रार होती आणि ती फेटाळणारेही सरकारच होते.

केडगावात वेगळे काय होते?

१९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शाळा, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण अशी कामे तिथे चालत. मुलीला स्वतःच्या पायावर उभे करणे हा हेतू होता.

रमाबाईंवर टीका कशासाठी?

शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आरोपावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हेतू कितीही चांगला असला, तरी आश्रितांवर संस्थाचालकाची सत्ता चालतेच. त्यामुळे हा प्रश्न रमाबाईंच्या संस्थेलाही लागू होता.

आज त्याचे महत्त्व काय?

अमेरिकेत फ्लोरिडातील डोझियर सुधारशाळा १९०० ते २०११ अशी चालली. तिच्या आवारातील उत्खननात ५५ कबरी आढळल्या. मृतांत कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने होती. मुलांच्या तक्रारी अनेक दशके दुर्लक्षित राहिल्या होत्या. भारतात २०१५च्या बाल न्याय कायद्याने बालगृहांची नोंदणी सक्तीची केली आणि जिल्हास्तरीय तपासणी समित्यांची तरतूद केली. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पण समितीची भेट कागदावरच उरली किंवा मुलाशी एकट्याने बोललेच गेले नाही, तर कायदा भिंतीबाहेरच राहतो.

रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच झाले. आत ठेवलेल्या मुलाचे बाहेर कोण ऐकणार, हा त्यांचा प्रश्न प्रत्येक बालगृहाच्या दारात आजही उभा आहे.