घट्ट झालेला स्कर्ट

लंडनमधील एका ज्यू कुटुंबात १९२० साली जन्मलेल्या रोझालिंड फ्रँकलिन यांचे नाव डीएनएशी जोडलेले आहे. त्यांच्या देखरेखीखाली १९५२ मध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रामुळे डीएनएची गोफासारखी दुपेडी रचना उलगडण्यास मोठी मदत झाली. पुढे त्या विषाणूंच्या रचनेकडे वळल्या.

१९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना स्कर्टची चेन लावणे जड जाऊ लागले. पोट फुगले होते. सप्टेंबरमध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पोटात दोन गाठी निघाल्या. निदान झाले अंडाशयाच्या कर्करोगाचे. वय अवघे ३६! उपचारांतून उठून त्या पुन्हा पुन्हा प्रयोगशाळेत जात राहिल्या. पोलिओच्या विषाणूवरही त्यांनी काम सुरू केले. १६ एप्रिल १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. डीएनएच्या रचनेसाठी नोबेल जाहीर झाले ते १९६२ मध्ये, वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना.

आमच्या ओपीडीत येणाऱ्या कितीतरी स्त्रिया पोटफुगीला गॅसेस समजून महिनोन्महिने ओवा खात राहतात. पोट सतत फुगणे, चार घास खाल्ले तरी भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे, असे दोन-तीन आठवडे होत राहिले तर डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफीबद्दल विचारा. आई, बहीण, मावशी किंवा आत्याला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर तेही आवर्जून सांगा. कपडे कमरेला घट्ट होतात, ते दर वेळी वजन वाढल्यामुळेच असे नाही.